साडेचारशे रुपयांत सात दिवस

जानेवारीतली थंडी. औसा किंवा कंधार तालुक्यातले एखादे गाव. जिल्हा परिषद शाळेचे दोन वर्ग मुलींना, मारुतीच्या देवळाचा सभामंडप मुलांना. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर बसलेले असते आणि भोजन समितीचा प्रमुख झालेला बी.ए. दुसऱ्या वर्षाचा मुलगा शंभर पानी वही मांडीवर घेऊन हिशेब करत असतो. शंभर स्वयंसेवकांचे एक एकक, त्यातली निम्मी मुले शिबिराला. या शिबिरासाठी माणशी 450 रुपये हा दर अनेक वर्षे कायम होता. पुढे तो वाढला. पन्नास मुलांचे झाले 22,500. दिवसाला माणशी 64 रुपये आणि वर काही पैसे. त्यातच सकाळचा चहा-पोहे, दोन वेळचे जेवण, मंडपवाल्याचे भाडे, बॅनर, आणि पाहुण्यांची शाल-श्रीफळ. शाल-श्रीफळात किती वरण शिजले असते, हा विचार पहिल्यांदा त्या वहीवरच सुचतो.

तिसऱ्या दिवशी भात करपतो. हे कुणी लिहून ठेवलेले नसले तरी जवळपास प्रत्येक शिबिरात होतेच. सकाळी नाला खोदून, अंगभर माती घेऊन पन्नास पोरे पंगतीला बसलेली आणि पातेल्यातून जळका वास. आता काय? सर म्हणतात, ‘तू बघ.’ मग तो गावात शिरतो, चार घरांतून भाकरी गोळा करतो, कुणाच्या आईकडून ठेचा मागून आणतो, परत येऊन पंगतीला सांगतो की चूक झाली, अर्धा तास थांबा. पोरे आधी ओरडतात आणि मग थांबतात.

नोकरीच्या बाजारात ज्याला व्यवस्थापन म्हणतात, त्याचा हा पहिला तास. तो वर्गात होत नाही.

नांदेड-लातूरमध्ये हे सांगणे जरा धाडसाचे आहे, कारण हा गुणांचा मुलूख. ‘लातूर पॅटर्न’ हे दोन शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. 1961 चे दयानंद महाविद्यालय, 1970 चे राजर्षी शाहू महाविद्यालय, तिथल्या जादा तासिका, चाचणीवर चाचणी, चुकलेल्या प्रश्नाची पुन्हा उजळणी, यांतून कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली. या गोष्टीची टिंगल करणाऱ्याने आधी एखाद्या अशा घरात जाऊन यावे. दोन वर्षांची फी, मेसचा डबा, खोलीचे भाडे. त्यासाठी मोडलेली ठेव किंवा विकलेली म्हैस. त्या बापाने ‘कशाला जायलास शिबिराला? टेस्ट बुडेल की’ असे विचारले, तर त्यात अडाणीपणा नाही, हिशेब आहे.

फक्त हा हिशेब बारावीपर्यंतचा आहे, आणि पदवीच्या तीन वर्षांनाही तोच लावला जातो. गोष्ट बिघडते ती तिथे.

नीटमध्ये थोडक्यात हुकलेली, किंवा त्या वाटेला न गेलेली हजारो मुले दरवर्षी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला येतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या पंखाखाली नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे आहेत. यातल्या अनेक मुलांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले तेच पहिले. ती नाव महाविद्यालयात घालतात आणि दिवस अभ्यासिकेत काढतात. हजेरी कागदावर, कॉलेज परीक्षेपुरते. तीन वर्षांत एकदाही माईक हातात धरलेला नाही, अनोळखी माणसाला फोन करून काम करवून घेतलेले नाही, पाच जणांच्या भांडणात मध्यस्थी केलेली नाही. आणि मग वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी एका बंद दाराआड पाच जणांसमोर बसून ‘स्वतःबद्दल सांगा’ हा जगातला सगळ्यात अवघड प्रश्न येतो.

ज्या परीक्षांसाठी हा सगळा वेळ ‘वाचवला’ जातो, त्या परीक्षाच शेवटी या गोष्टी विचारतात, ही यातली गंमत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सविस्तर अर्जात खेळ, एनसीसी, शाळा-कॉलेजात भूषवलेली नेतृत्वाची पदे आणि छंद यांसाठी वेगळे रकाने असतात, आणि मुलाखतीतले बरेच प्रश्न त्या रकान्यांतूनच निघतात. मुलाखत 275 गुणांची. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा लेखी 1750 आणि मुलाखत 275 हाच साचा आला. पूर्वी मुलाखत 100 गुणांची होती. स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या शेवटच्या टप्प्यात मुलाखतीबरोबर सामूहिक चर्चेचा प्रकारही असतो. लष्करी अधिकारी व्हायचे तर पाच दिवसांची निवड प्रक्रिया. तिथे दोर, फळ्या आणि ड्रम देऊन आठ-दहा अनोळखी उमेदवारांना अडथळा पार करायला सांगतात आणि बाजूला उभा अधिकारी फक्त पाहत असतो: कोण हुकूम सोडतो, कोण ऐकतो, कोण मागे राहिलेल्याला हात देतो. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेशिवाय थेट या निवडीला जाता येते. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे एनसीसीच्या बटालियन आहेत. पण पहाटे परेडला यायचे म्हटले की ‘क्लास आहे सर’ हे उत्तर तयार असते.

खासगी क्षेत्रातही चित्र वेगळे नाही. लातूरजवळ हरंगुळला उभा राहिलेला रेल्वे डब्यांचा कारखाना असो, डाळ मिल असो की पुण्यातली माहिती-तंत्रज्ञान कंपनी, कामाच्या जागी एकट्याने सोडवायचे गणित फार थोडे असते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी 2017 मध्ये अमेरिकेतली आकडेवारी मांडली. 1980 ते 2012 या काळात, माणसांशी सतत संबंध येतो अशा नोकऱ्यांचा एकूण रोजगारातला वाटा जवळपास 12 टक्केबिंदूंनी वाढला. गणित भरपूर पण माणसांशी देणेघेणे कमी, अशा कामांचा वाटा उलट घटला. त्याआधी 2005 मध्ये पीटर कुन आणि कॅथरिन वाइनबर्गर यांनी शाळेत कर्णधार किंवा एखाद्या मंडळाचे अध्यक्ष राहिलेल्या अमेरिकी मुलांची साधारण दहा वर्षांनंतरची कमाई तपासली. बुद्धिमत्ता चाचणीतले गुण सारखे धरले, तरी या मुलांचे उत्पन्न किमान चार टक्क्यांनी आणि काही ठिकाणी तेहेतीस टक्क्यांपर्यंत जास्त निघाले. अमेरिका वेगळी, मुखेड वेगळे, हे मान्य. पण कुणी म्हणेल की हुशार मुलेच पुढारपण करतात म्हणून पुढे जातात, तर निदान त्या शंकेला तिथे उत्तर आहे.

एक तिसरा अभ्यास मात्र या दोन्हींच्या आनंदावर पाणी ओततो, आणि मराठवाड्याने खरे तर तोच वाचायला हवा. लॉरेन रिवेरा आणि आंद्राश टिल्चिक यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक वकिली कार्यालयांना काल्पनिक विद्यार्थ्यांचे अर्ज पाठवले. गुण सारखे, कॉलेज सारखे. फरक फक्त छंदांत आणि तशाच बारीकसारीक तपशिलांत: एकाकडे शिडाच्या बोटी, पोलो आणि अभिजात संगीत, दुसऱ्याकडे धावण्याची शर्यत, गल्लीतला फुटबॉल आणि कंट्री गाणी. श्रीमंती छंदांच्या मुलग्याला 16 टक्के कार्यालयांनी मुलाखतीला बोलावले. दुसऱ्याला जेमतेम एक टक्क्याने. म्हणजे ‘अभ्यासेतर उपक्रम’ हा रकाना गुण मोजतो त्यापेक्षा घर मोजतो.

आपल्याकडे याचा अनुवाद सोपा आहे. पुण्यातल्या मुलाच्या बायोडेटात गिटार, ट्रेकिंग, डिबेट क्लब. लोह्याच्या मुलाच्या बायोडेटात ‘वाचन, क्रिकेट पाहणे’. हे त्याने लिहिलेले. प्रत्यक्षात त्याने काय केलेले असते? गणेश मंडळाची वर्गणी गोळा केलेली असते, आणि कुणी दिली नाही तर नाव फलकावर लिहायचे की नाही या वादात शांत डोके ठेवलेले असते. माळेगावच्या यात्रेत काकाचे दुकान चालवलेले असते. बहिणीच्या लग्नात पाचशे पानांची पंगत वाढलेली असते. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी येत होते आणि पाणीसाठ्यांच्या परिसरात जमावबंदी लागली होती, तेव्हा आज पंचविशीत असलेले कितीतरी जण शाळकरी पोरे होती, हातात घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. नंबर कसे लावायचे, म्हातारीला पुढे कसे सोडायचे, घुसणाऱ्याला कसे अडवायचे, हे सगळे त्यांनी केलेले आहे. पण ते ‘नेतृत्व’ आहे हे त्यांना कुणी सांगितले नाही, त्यामुळे अर्जात ते येत नाही. विचारले तर म्हणतात, ‘तसं काही विशेष नाही सर.’

हे ‘विशेष नाही’ मोडून काढण्याची जागा म्हणजे महाविद्यालय. शिबिरातला भोजनप्रमुख मुलाखतीत ‘मला समाजसेवेची आवड आहे’ असे म्हणाला तर समोरचा जांभई देतो. ‘पन्नास माणसे, सात दिवस, साडेबावीस हजार रुपये, तिसऱ्या दिवशी भात करपला तेव्हा मी असे केले’ असे म्हणाला तर समोरचा खुर्चीत सरसावतो. अनुभव एकच. तो आकड्यांत आणि प्रसंगांत सांगायला शिकवणे हे प्राध्यापकांचे काम आहे, आणि त्याला एक तासिका पुरते.

या भागाला विद्यार्थी-नेतृत्वाची परंपरा नाही असे मात्र कुणी म्हणू नये. विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ आधी शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईत त्यांनी मुले घडवली आणि मग निजामाविरुद्धचा लढा उभा केला. 1938 मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी संप केला, तो हैदराबादपर्यंत पसरला, शेकडो जणांची नावे काढली गेली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. वरंगळच्या कॉलेजातून त्या वेळी बाहेर पडावे लागलेल्या मुलांत पी. व्ही. नरसिंह राव होते. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनातही रस्त्यावर पुढे विद्यार्थीच होते.

आणि नांदेडने आणखी एक माणूस पाहिला आहे, ज्याची गोष्ट गुणांच्या मुलखात जरा दबक्या आवाजातच सांगावी लागते. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले. वाचन, सेवा दल, अभ्यासमंडळे आणि अखंड वादविवाद यांतून उरलेला वेळ अभ्यासक्रमाला पुरला नाही. पण 1955 मध्ये ते प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, 1963 मध्ये पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक आणि 1977 मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला. नापास होण्याची शिफारस कुणी करत नाही. पण ज्या सभा-चर्चांना आज ‘टाइमपास’ म्हणतात, त्यांनी या गावाला त्याचा सगळ्यात मोठा विचारवंत दिला, एवढे निदान मान्य करावे.

1994 हे साल या परंपरेच्या दृष्टीने चमत्कारिक निघाले. 14 जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला; त्यामागे सोळा वर्षांचे आंदोलन होते आणि त्यात तरुणांचे रक्तही सांडले होते. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्याच दिवशी, नांदेडचे विद्यापीठ जन्मले. आणि त्या दोहोंच्या मध्ये, जुलैमध्ये, नवा विद्यापीठ कायदा लागू होऊन महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका संपल्या. मुंबईत 1989 मध्ये एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता. गुंडगिरीची भीती खरी होती. उपाय काय, तर वर्गात पहिला आलेला तो वर्ग प्रतिनिधी! मराठवाड्यातल्या कॉलेजांना तर हे फारच मानवले. जो पुस्तकातून मान वर काढत नाही, त्यालाच मुलांची गाऱ्हाणी मांडायला बसवले. बिचाऱ्याला गाऱ्हाणी ठाऊक नसत आणि मुलांना त्याचे नाव.

2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी. 2019 मध्ये त्या व्हायच्या होत्या. विधानसभा निवडणूक आली म्हणून लांबल्या, मग करोना आला. ज्या वयात देशाचा खासदार निवडता येतो, त्या वयात कॉलेजच्या ग्रंथालयाची वेळ कुणी ठरवावी हे निवडता येत नाही, यात कुणाला काही खटकत नाही, हेच खटकण्यासारखे आहे. गुंड येतील म्हणून निवडणूक नको, हा युक्तिवाद ग्रामपंचायतीला कुणी लावत नाही. विलासराव देशमुखांची वाट बाभळगावच्या सरपंचपदापासून सुरू झाली. सत्तेची पहिली चव गावात घ्यावी लागते, कारण कॉलेजात ती मिळतच नाही.

अर्थात विद्यार्थी-नेतृत्व म्हटले की आमदारकी, ही आपली समजूतही सोडायला हवी. शंभर विद्यापीठ आणि वर्ग प्रतिनिधींमधून (यूआर-सीआर) आमदार होतो एखादा. बाकीचे बँकेत, तहसीलमध्ये, शाळेत, दवाखान्यात, दुकानात असतात, आणि तिथे त्यांचा उपयोग जास्त होतो. युवक महोत्सवाचेही तसेच. नांदेड विद्यापीठाच्या ‘ज्ञानतीर्थ’ महोत्सवात लोकनृत्य, मूकाभिनय, एकांकिका, पोवाडा, कव्वाली करणाऱ्या पोरांपैकी नट किती होणार? औरंगाबादच्या तरुणांनी उभी केलेली ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था आणि तिथून मुंबई गाठणारे चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांच्यासारखी उदाहरणे मोजकीच. पण पडद्यामागे उभा राहून सात मिनिटांत नेपथ्य लावणारा आणि काढणारा मुलगा वेळेचे जे शिक्षण घेतो, ते नट होण्यावर अवलंबून नसते. उदगीरला एप्रिल 2022 मध्ये उदयगिरी महाविद्यालयाच्या परिसरात 95 वे मराठी साहित्य संमेलन भरले. तीन दिवस, भर उन्हाळा, देशभरातले पाहुणे, आणि त्यातले निम्मे साहित्यिक! एवढ्या मोठ्या माणसांच्या एवढ्या छोट्या तक्रारी ज्याने हसत ऐकल्या, तो पुढे कोणत्याही ग्राहक सेवा केंद्रात टिकेल.

मुलींच्या बाबतीत या गोष्टीचे वजन दुप्पट आहे. लातूर-नांदेडच्या खेड्यांतल्या कितीतरी मुलींच्या आयुष्यातली घराबाहेरची पहिली मुक्कामी रात्र म्हणजे हे सात दिवसांचे शिबिर. परवानगी मिळवणे हेच पहिले काम. बापाला पटवायचे, मॅडमचा नंबर आईला द्यायचा, ‘सोबत कोण कोण आहे’ याची यादी भावाला दाखवायची. ज्या मुलीने हे जमवले तिला पुढे पुण्यातल्या नोकरीसाठी घरात काय बोलायचे हे माहीत झालेले असते. तरीही शिबिरात पोचल्यावर तिला पुन्हा भोजन समितीतच ढकलायचे आणि श्रमदान, हिशेब, ग्रामसभा मुलांकडे द्यायची, हे आजही चालते. वरच्या प्रसंगातला भात करपवणारा मुलगा होता, ते मुद्दाम.

उपक्रमांच्या नावाखाली चालणारा खोटेपणाही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकच खड्डा, एकच रोप, दहा जणांचे हात आणि समोर मोबाइल. झाडू हातात, पण कचरा आधीच बाजूला. शिबिराचा अहवाल गेल्या वर्षीचा, गाव फक्त बदललेले. कार्यक्रमाधिकारी प्राध्यापकावर तासिका, नॅकची कागदपत्रे आणि निवडणुकीचे काम, त्यामुळे तोही काय करणार? नव्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. चांगले झाले, आणि धोकाही वाढला. जिथे श्रेयांक तिथे नोंदवही, जिथे नोंदवही तिथे सही, आणि सही घेण्याची कला या महाराष्ट्रात कुणाला शिकवावी लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तीस प्रमाणपत्रे घेऊन फिरणारा उमेदवार मुलाखतीत दोन वाक्यांत उघडा पडतो.

खरे-खोटे ओळखायची कसोटी साधी आहे. त्या कामात विद्यार्थ्याच्या हातून काही बिघडू शकत होते का? पैसे त्याच्या हातात होते का? बिघडले तर उत्तर कुणी दिले? सगळे सरांनीच ठरवलेले, सरांनीच आणलेले आणि विद्यार्थ्याने फक्त टोपी घातलेली असेल, तर तो उपक्रम नव्हे, मिरवणूक. स्नेहसंमेलनाच्या खर्चातला निदान काही भाग विद्यार्थ्यांच्या समितीकडे सोपवावा, हिशेब त्यांनीच सूचनाफलकावर लावावा, आणि चुकला तर सगळ्यांसमोर चुकू द्यावा. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही. प्राचार्यांना थोडी छाती लागते.

तिकडे शिबिराचा सातवा दिवस. समारोप झालेला असतो, सरपंचांचे भाषण लांबलेले असते, सतरंज्या गुंडाळून झालेल्या असतात. भोजनप्रमुख पिंपळाच्या पारावर वही घेऊन बसलेला. बेरीज तिसऱ्यांदा केली तरी हिशेबात शंभर-सव्वाशे रुपये बसत नाहीत. मग एकदम आठवते: चौथ्या दिवशीचा गूळ, पावतीच घेतली नव्हती. तो उठतो, चपला शोधतो आणि किराणा दुकानाच्या दिशेने पळतो. मागून एसटीचा हॉर्न वाजत असतो आणि सर ड्रायव्हरला सांगत असतात, ‘दोन मिनिटं थांबा, आमचा एक माणूस यायचाय.’